थांबा, जा

माझ्या हातात काठी, काठीवर गोल पत्रा.
एका अंगाला लाल: थांबा.
दुसऱ्या अंगाला हिरवा: जा.
कामीस्क्रूनहून समुद्राकडे उतरणाऱ्या मातीच्या रस्त्यावर
ऑगस्टभर माझं राज्य एवढंच.

साडेदहापर्यंत काही घडत नाही.
धुकं गेलेलं असतं, फुलं मिटलेली.
केपटाऊनची माणसं गाडीतच डबे सोडतात,
काच खाली करून विचारतात, कधी उघडणार?
जसं काही दुकान माझंच.

मग ऊन तापतं
आणि अख्खी टेकडी नारिंगी होते,
सूर्याकडे तोंड करून.
फुलांच्या तळाशी रात्रभर झोपलेले केसाळ भुंगेरे,
डोकं परागात, ढुंगण वर,
उठायची घाई एकालाही नाही.
त्यांना मी कधी थांबा म्हटलं नाही.
म्हटलं असतं तरी पत्र्याकडे बघतंय कोण!

एक फूल आहे, पाकळीवर काळा ठिपका,
असा तुकतुकीत की माशीच बसलीय वाटावं,
पाठीवर उजेडाचा टिंबसुद्धा.
नर येतो, भुलतो, ठिपक्याशी झोंबतो,
अंगभर पिवळा होऊन पुढच्या ठिपक्याकडे जातो.
पहिल्यांदा मी पोट धरून हसले.
मग आठवलं, सल्डान्याला बोटीवर गेलेल्या आंद्रीसच्या फोटोला
दोन वर्षं मी रोज शुभरात्री म्हणत होते.

आणि ती सोंडवाली!
अंगापेक्षा सोंड लांब, उडताना पोटाखाली लोंबते.
जांभळ्या फुलाची नळी नेमकी तेवढीच खोल.
कोणी कोणाचं माप घेतलं कोण जाणे.
शिंपी दिसत नाही, कपडा मात्र बसतो.

पण मला सांगायचंय ते रस्त्याबद्दल.
फुलांकडे सगळे बघतात,
रस्त्याकडे फक्त ज्यांना त्याचे पैसे मिळतात ते.
माझ्या बुटांपाशी, टणक मातीत,
पेन्सिल जाईल एवढी भोकं.
काहींवर मातीची वाकडी नळी,
कुंभारणीनं घाईत वळलेली.
शेजारी करड्या मधमाश्या. पोळं नाही, राणी नाही,
जिचं तिचं बीळ, जिची तिची भाकरी,
पराग मळून केलेली, तीवर एक अंडं,
दार लिंपायचं नि पुढच्या खोलीला लागायचं.
त्यांना अशीच जमीन लागते, तुडवलेली, उघडी.
फुलांच्या गर्दीत त्यांना घर नाही.

तिसऱ्या दिवशी वॉकीटॉकीवर गर्ट क्लूटे:
डोरी, येतोय मी, पातं खाली आहे.
मी पत्रा फिरवला. लाल.
दहा पावलांवर ग्रेडर थांबला, फुरफुरत.
गाडी येतेय?
नाही.
मग?
मी खाली बोट दाखवलं.
तो उतरला. गुडघे दुखतात त्याचे, तरी टेकला.
एक माशी आली, पाय पिवळेधमक,
आमच्या दोघांच्या मधून,
घिरट्या घालत राहिली. भोक गर्टच्या सावलीत होतं.
तो सरकला, तेव्हा आत गेली.
त्यानं सिगारेट पेटवली, अर्धी ओढली.
म्हणाला, संध्याकाळी साहेब मोजायला येणार.
मी म्हटलं, ठाऊक आहे.

पातं त्यानं वीतभर उचललं का?
उचललं असेल. धुरळ्यात दिसलं नाही.
पत्रा हिरवा झाला होता.
फिरवणारा हात माझाच.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला
फुलं उघडली, गाड्या आल्या, काचा खाली झाल्या.
गुळगुळीत रस्त्यावर, माझ्या बुटांपाशी,
माती जराशी हलली, फुगली,
एक डोकं बाहेर आलं, मिशा झाडत.
मग थोड्या अंतरावर दुसरं.

काल भोकं किती होती,
मी मोजली नव्हती.