मुका

गेझीनेचा कॅमेरा रशियन, चावीचा.
घड्याळासारखा पिळायचा,
मग दम असेपर्यंत तो धावायचा.
रीळ तीन मिनिटांचं. दुसऱ्याला पैसे नव्हते,
म्हणून फाल्क आणि थिलोला ती म्हणाली,
एकदाच. चुकलात तर चुकलेलंच राहील.

पूर्व बर्लिनमध्ये तेवढंच आमचं व्याकरण.
वाजवता येत नाही म्हणून बँड काढतात,
तसा आम्ही सिनेमा काढला.
थिलोचे केस साखरेच्या पाण्याने ताठ,
फाल्कच्या अंगात आईचा लग्नाचा झगा, खाली फौजी बूट.
कोळशाच्या ढिगावरून दोघं उतरत आले
जणू बोहल्याकडे,
आणि कुणी "कट" म्हणेना.
मी गेझीनेकडे बघत होते.
ते कुठल्याच रिळात नाही.

धुऊन आणलं तेव्हा कळलं,
झाकण नीट बसलं नव्हतं, उजेड आत घुसला होता.
शेवटचे चाळीस सेकंद: नुसतं पांढरं.
नेमके तेच.

मार्चात चर्चच्या तळघरात दाखवला.
पाद्री क्नाप म्हणाले, मी वर असतो, मला ऐकू कमी येतं.
पडदा म्हणजे पलंगपोस. टाचायला काही नाही.
मग पोरापोरींनी कानांतल्या, कॉलरच्या
सेफ्टी पिना काढून दिल्या.
सत्तेचाळीस. परत द्यायच्या म्हणून मी मोजल्या.
मागे भिंतीला टेकून कोट घातलेला एकजण.
तो कुणाचा, सगळ्यांना ठाऊक होतं.
त्यालाही बिअर दिली.

बँडला तीन सूर येत, त्यातले दोन लागले.
कोळसा, झगा, बूट,
आणि मग पांढरं.
ओरखडे. धूळ. कडेला थरथरणारा एक केस.
प्रोजेक्टर बंद करायला मी हात नेला
तर थिलो उठला,
फाल्कला दंडाला धरून थेट उजेडात.

पलंगपोसावर दोन सावल्या,
एकीच्या डोक्यावर काटे.
मग एकच.
ड्रमवाला वाजवायचं विसरला.
सिनेमा मुका होता, फक्त मुका त्यात नव्हता;
तो आम्ही तिथं, त्या रात्री, हाताने भरला.
कोटवाल्याने वहीत काय लिहिलं असेल?
"पडद्यावर काही नव्हतं"?
तेही खरंच म्हणा.

परवा संग्रहालयातून फोन आला.
कोवळा आवाज, फार जपून बोलत होती:
शेवट खराब झालाय, कापून टाकायचा का?
नको, म्हटलं. तिथं उभं राहायचं असतं.
तिला कळलं नसावं.

पिना मी दुसऱ्याच दिवशी परत केल्या होत्या.
शेहेचाळीस.
गेझीनेने तिची मागितली नाही.