रकमा हजारात

फेब्रुवारी संपत आला की आमच्या लेखा विभागात
पंखे हळू करावे लागतात, कागद उडतात म्हणून.
सदतीस डिग्रीत घाम पुसत
मी टाईप करते नवं प्रकरण:
कमी कार्बन शहर.
हविनाळे मॅडमनी वर पेन्सिलीनं लिहिलंय,
मथळा ठळक. तक्ता एका पानात बसवा.

बसवते.
विजेवरच्या बसगाड्या, बावीस. चार्जिंगची शेड, तिला पत्रे.
शाळांच्या गच्चीवर सौर पॅनल, एक शाळा वगळून,
तिची गच्ची गळते, ते दुरुस्तीच्या शीर्षाखाली.
झाडं. झाडांना पिंजरे. पिंजऱ्यांवर नगरसेवकांची नावं,
ती कुठल्या शीर्षाखाली, कुणी विचारत नाही.

आणि ओळ अकरा:
रंगप्रक्रिया कारखान्यांतले कोळशाचे बॉयलर बदलणे, अर्थसहाय्य.
इथं माझं बोट थांबलं.

ओळ अकरा मला ओळखते.
एकतीस वर्षं नाना त्या ओळीच्या आत उभे आहेत,
अक्कलकोट रोडला, फावडं घेऊन.
टॉवेलचा लाल रंग पक्का व्हायला जेवढी वाफ लागते
तेवढी त्यांच्या छातीतून गेलीय.
आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची,
आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं
की ती बादली सगळ्यात शेवटी.
लहानपणी मला वाटायचं,
सगळ्यांचेच वडील खोकून काळं थुंकतात.

म्हणून ही ओळ यावी असं मलाच वाटत होतं.
आली. एकवीस हजार,
म्हणजे हजारात, म्हणजे दोन कोटी दहा लाख.
शून्यं मी दोनदा मोजली.

मग ओळ बारा:
बॉयलर कामगारांचं पुनर्प्रशिक्षण.
समोर १.

मॅडम म्हणाल्या, टोकन आहे गं ते.
शीर्ष उघडून ठेवायचं. पुढं पैसे आले
तर ठेवायला खण हवा ना.
तर.

रात्री नाना कडक भाकरी आमटीत मोडत होते.
बॉयलर जाणार, म्हटलं, वाफ विजेवर होणार.
"बरं होईल," म्हणाले. खरंच म्हणाले.
मग, "आणि मी?"
तुमच्यासाठी ओळ आहे.
"किती?"
एक.
"ओकटि?"
पैशाची गोष्ट मराठीत पटली नाही
की ते तेलुगूत विचारून बघतात.
हजार, नाना. एक हजार.
"मला?"
सगळ्यांना मिळून.

वाटलं, हसतील. किंवा ताट सारतील.
ते उठले, हात धुतले, तांब्या पालथा घातला.
म्हणाले, सोमवारी थंड बॉयलर पेटवताना
आधी रॉकेलची चिंधी टाकतो आपण.
चिंधीनं काही वाफ होत नाही.
पण तिच्याशिवाय कोळसा पेटतही नाही.

दिवा घालवल्यावर, अंधारातून:
"चिंधी टाकून माणूस घरी निघून गेला तर गं?"

मार्चमध्ये मंजुरी झाली. बाकं वाजली ती बसगाड्यांना.
ओळ बारा वाचली की नाही, मागच्या खुर्चीत ऐकू आलं नाही.
माझ्याकडे छापील प्रत आहे,
तीत तो आकडा आहे:
डोकं वळलेलं, खाली शेपूट.
निखारे ओढायचा नानांचा लोखंडी आकडा
पाळी संपल्यावर भिंतीला टेकलेला असतो, तसा.

काल नानांना विचारलं, गावात तुमच्यासारखे किती?
कुठल्या कारखान्यात कोण, दिवसपाळी, रातपाळी, नावं सांगा.
मी पेन्सिल घेऊन बसले.
ते ओसरीवर पाय पसरून
बोटांच्या पेरांवर मोजू लागले,
ओकटि, रेंडु, मूडु,
दुसरा हात संपला,
पुन्हा पहिल्या बोटावर आले.