दुसरं प्रूफ

गुरामनं गठ्ठा टेबलावर टाकला.
“नाझिब्रोलाबाई, पहिलं प्रूफ सोमवारपर्यंत. कादंबरी आहे.
एक बाई पुन्हा तरुण होते
आणि या खेपेला गाडी पकडते.”
मी चष्मा पुसला.
कुताइसीतला डिसेंबर, दुपार कधी संपली कळत नाही,
आणि छापखान्यातला हीटर
फक्त माझ्या डाव्या पायाला ओळखतो.

पहिल्याच प्रकरणात तिला पत्र येतं.
मलाही आलं होतं, सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात,
बातुमीच्या वनस्पती उद्यानातून:
वाळवलेली पानं कागदावर टाचायची,
खाली लॅटिन नावं लिहायची,
अक्षर सुबक असेल तर लगेच या.
अक्षर सुबक होतं.
त्याच आठवड्यात आई जिन्यावरून पडली.
एवढंच. यात खलनायक कुणी नाही.
पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं.
पुढे कधीतरी डबा बदलला.

समुद्र ओलांडायचा नव्हता मला.
फक्त साम्त्रेदियाला गाडी बदलायची होती.
नंतर गेलेही की कितीदा, नवऱ्याबरोबर,
लेकीला कडेवर घेऊन;
आइस्क्रीम खाल्लं, पाय भिजवले.
उद्यानाच्या फाटकापाशी मात्र
दर वेळी माझ्या चपलेत खडा जायचा.

कादंबरीतली बाई जाते.
तिच्या प्रत्येक खिडकीत समुद्र.
तिची दाढ कधी दुखत नाही.
तिच्या घरी दिवे जात नाहीत, तेही ब्याण्णव साली,
जेव्हा आम्ही खुर्चीचे पाय जाळून
चहा केला होता, आणि हसलो होतो,
कारण उरलेल्या खुर्चीवर
ओमारी तरीही बसू पाहत होता.
(हे तिच्या वाट्याला आलं नाही, बिचारीच्या.)

तिसऱ्या प्रकरणात समुद्र पूर्वेला.
मी बाण काढला: पश्चिम.
नोव्हेंबरात मॅग्नोलिया फुललेला.
मी समासात लिहिलं: जून?
आणि “जर”चं वाक्य जिथे “तर”ला टेकतं
तिथे लेखकानं एकही स्वल्पविराम दिलेला नाही.
धावत सुटतो तो, या काठावरून त्या काठावर.
मी एकशे सहा स्वल्पविराम दिले.
थांबतं तिथे माणूस.
माझा तर संसारच तिथे झाला.

दुसरं प्रूफ गुरुवारी आलं.
समुद्र पश्चिमेला गेला होता.
स्वल्पविराम सगळे घेतले होते.
मॅग्नोलियाखाली मात्र ठिपके,
आणि समासात हिरव्या शाईनं: राहू दे.

दोनशे बारा पानावर ती फलाटावर उभी आहे.
दोनशे तेरावर लाटा.
मधला प्रवास गळलाय, मी गुरामला म्हटलं,
कुणीतरी ओळी खाल्ल्या.
त्यानं लेखकाला फोन लावला.
नाही म्हणे, तसंच आहे ते,
प्रवासात वाचकाला कंटाळा येतो.

गुराम घरी गेला.
इटलीहून खातुनाचा फोन आला,
तिच्याकडची म्हातारी आज जेवलीच नाही.
“आणि तू, आई?”
जेवले, म्हटलं.
भूक होती, पण तीन देशांपलीकडून
तिला तिचं काय करता येणार होतं?

मग मी पेन्सिलीला टोक काढलं,
आणि दोनशे बाराच्या तळाशी,
जिथे पान संपल्यावर थोडी पांढरी जागा उरते,
तिथे लिहिलं:

साम्त्रेदियाला गाडी अकरा मिनिटं थांबली.
एका बाईनं खिडकीतून उकडलेलं कणीस वर धरलं.
सुटे नव्हते.
ती म्हणाली, असू दे, परत येताना दे.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत
कुणाच्या पुस्तकात एक शब्द घातला नव्हता मी.
सवयीनं रबर उचललं.
खाली ठेवलं.
ओळींखाली ठिपके देत गेले, एकेक.
शेवटच्या ठिपक्याला टोक मोडलं;
खालच्या पानावर पाहिलं तर
तिथल्या लाटांवरही
वळ उमटले होते.