टाकी

घर एहिजेलेचं, हे मला आधीपासून ठाऊक होतं.
थोरल्या बायकोचा थोरला मुलगा.
बापाचं सगळं त्याने रीतसर केलं,
बोकड कापला, म्हाताऱ्यांना दारू पाजली.
बाप ज्या घरात राहिला, ज्या खाटेवर गेला
ते घर, ती खाट त्याची.
उरोमीत याला कुणी अन्याय म्हणत नाही.
उजाडलं, म्हणतात.

मी तिसरी. पदरी दोन मुली.
डोकं भादरताना नणंद म्हणाली,
"उरले तरी किती होते, ओसेमेन."
आम्ही हसलो दोघी,
हसू नये अशा दिवसांत.

मग ओसरीवर कुळातले पुरुष जमले.
कोला फोडला. मोजायला बसले:
यॅमचं शेत, तेलाची ताडं एकवीस,
बंद पडलेली मोटारसायकल.
मी दाराआड उभी,
मोजता मोजता माझ्यापाशी येतील म्हणून.
धाकट्या दिराने एकदा वर पाहिलं.
तो सत्तरीचा, मी अडुसष्टची.
पूर्वीच्या काळी मी त्याच्या वाटणीला गेले असते.
त्याने गुडघा चोळला
आणि कोल्याचा तुकडा उचलला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, टाकी.

आमच्या पठारावर विहीर लागत नाही.
पाणी इतकं खोल की आज्याने खणणं सोडून दिलं.
पावसात छपरावरून जे धराल
तेच हार्मॅटनच्या धुळीत प्याल.
टाकी मी बांधली.
अकरा वर्षं गरी भाजली, डोळे धुराला दिले,
तेव्हा सिमेंटच्या एकोणतीस गोण्या आल्या.
गवंड्याने पावती नवऱ्याच्या नावे केली.
मी वाचलीही नाही, वाचता कुठे येतं.

"छप्पर एहिजेलेचं," म्हातारे म्हणाले,
"छपरावर पडेल ते पाणी त्याचं."
मी दाराआडून बाहेर आले.
आभाळ कुणाचं, असलं काही विचारलं नाही.
या वयात एवढे मोठे प्रश्न परवडत नाहीत.
विचारलं, पन्हळ कुणाची?

पन्हळ इझिएग्बेची.
पहिल्या पगारातून घेतलेली,
बेनिनहून बसच्या टपावर बांधून आणलेली.
मुलीला वाटा नाही, मान्य.
पण पत्र्यावर तिने खिळ्याने नाव कोरलंय,
शाळेतल्या वहीवर कोरावं तसं.
म्हातारे उठून बघायला गेले.
दोघांचे चष्मे घरी.
तिसऱ्याने मोठ्याने वाचलं
आणि वाचून झाल्यावर गप्प राहिला.

पुढच्या बाजारी ठरवू, म्हणाले.
चार चार दिवसांनी बाजार भरतो,
तीन वर्षं झाली.
मी मागच्या खोलीत असते.
टाकीच्या झाकणाला कुलूप आहे,
किल्ली माझ्या कमरेच्या गाठीत.
आंघोळीला जाते तेव्हाही तिथेच.

यंदा जानेवारीत धूळ फार.
रात्री एहिजेले आला, हातात बादली.
त्याच्या बायकोला चौथा दिवस होता, बाळ रडत होतं.
दारात उभा राहिला, खाकरला,
मला काय म्हणून हाक मारावी ते त्याला सुचेना.
मीही सुचवलं नाही.

कंदील त्याच्या हाती दिला,
झाकण उचललं, बादली भरली.
वरची दोन बोटं रिकामी ठेवली.
त्याने ती पाहिली.
मग काही न बोलता
अंगण ओलांडून गेला,
हळू, वाकून, थेंब सांडू न देता.