पाचपैकी पाच

जनकगंज, दुपारचे अडीच.
आजचा एकोणिसावा फॉर्म.
फॉर्ममागे पस्तीस रुपये. चपला झिजतात त्याचे वेगळे नाहीत.

सुहासिनी म्हस्के, वय एकाहत्तर,
दार अर्धंच उघडून विचारतात,
'मीटरवाली का तू, बेटा?'
नाही मावशी. पेन्शन, रेशन, पाणीपट्टी, दाखले,
सरकारचं सगळं आता एकाच खिडकीत आलंय, फोनमध्ये.
ते तुम्हांला कितपत पटलं, हे मोजायला आलेय.
'मोज की,' म्हणतात,
आणि गजकची ताटली माझ्या टॅबलेटवरच टेकवतात.

वापरायला सोपं वाटतं?
'अक्षरं मुंग्यांएवढी.'
विश्वास वाटतो?
'कुणावर?'
अडचण आली तर?
'किराण्यावाला कुशवाह आहे ना. तो दाबतो, मी बघते.'

मी मनात दोन लिहून टाकते. फार तर अडीच,
पण अडीचला गोल नाही.

एकूण समाधान, पाचपैकी?
'पाच.'
मी पुन्हा विचारते, मोठ्याने.
'पाच गं! बहिरी नाही मी.'

मग आवाज खाली येतो.
'नंबर श्रीकांतचा लावलाय. सुरतेला असतो, डाईंगमध्ये.
आकडे त्याच्याकडे जातात.
म्हणजे मला फोन लावावाच लागतो
आणि त्याला उचलावाच लागतो.
तो सहा आकडे सांगतो, मी मुद्दाम चुकीचे ऐकते.
तेवढ्यात विचारून घेते, जेवलास का,
खोकला गेला का, मागे कोण बाई बोलतेय.
दहा मिनिटांत आकडे शिळे होतात म्हणे.
मी नवे मागवते.'

वारंवार आकडे मागवणारे
आमच्या तक्त्यात लाल येतात: त्रासलेले ग्राहक.
त्यांच्यासाठीच भोपाळला ठरलंय,
पुढच्या खेपेला आकडेबिकडे नाहीत.
नुसता चेहरा दाखवायचा. तीन सेकंद.

खाली 'इतर' म्हणून एक चौकट आहे, साठ अक्षरांची.
मी लिहिते, आकडे राहू द्यावेत.
खोडते. कारण विचारतील.
दाताला गजक चिकटलेली.

'झालं तुझं? मग आता तूच दाब जरा,
कुशवाह जेवायला गेलाय.'

फोन लागतो. मशीनच्या आवाजातून श्रीकांत
घाईघाईने आकडे सांगतो.
शेवटचा सात. मला स्वच्छ ऐकू येतो.
मावशी माझ्याकडे बघतात.
नऊ का, मी विचारते.