निवेदनाची तिसरी प्रत

माझं टेबल धुळ्याच्या कलेक्टर कचेरीबाहेर,
कडुनिंबाखाली, जिथून दुपारी बारानंतर सावली
झेरॉक्सवाल्याकडे निघून जाते.
लोक वारसनोंद घेऊन येतात, नळाची तक्रार, हरवलेलं रेशनकार्ड.
त्या दिवशी तिघं आले. म्हणाले,
वाफेच्या बंदीविरुद्ध निवेदन टाइप करायचंय.

कसली वाफ? इडलीची?

हसले नाहीत.
हेमकांत भारंबे, रेल्वेत गार्ड, भुसावळ.
बावीस वर्षं रोज दोन बंडल बिडी,
आता खिशात पेनाएवढी नळी; ती दाखवण्याआधी
त्यानं गेटवरच्या शिपायाकडे पाहिलं.
रिझवान पिंजारी, मोबाइलचं दुकान. आता फक्त मोबाइलचं.
तिसरी योगिता देवरे. बोलायचं ते तीच बोलली:
"विषयात लिहा, बंदी उठवणेबाबत."
"नियम करा म्हणू," गार्ड म्हणाला,
"उठवा म्हटलं की कागद कोणी वाचत नाही."
"नियम म्हणजे बंदीचाच धाकटा भाऊ," रिझवान.
पाऊण तास विषयावरच गेला.
माझा दर पानाला चाळीस. वादाला दर नाही.

शेवटी मी टाइप केलं: "पुनर्विचार होणेबाबत."
हा शब्द मी तीस वर्षं वापरतोय,
त्यावर अजून कोणी रागावलेलं नाही.

मग सह्या. आग्रा रोडभर फिरले, देवपुरात फिरले.
घोळ असा, की सही म्हणजे कबुली.
नाव, पत्ता, मोबाइल नंबर.
ज्याच्याकडे नळी, तो सही करेना,
ज्यानं सही केली, त्याला नळी कशी धरतात तेही माहीत नव्हतं.
एका प्राध्यापकानं तत्त्वतः पाठिंबा दिला
आणि पेन परत दिलं.
पानटपरीवाला म्हणाला, राहू द्या ना बंदी,
तुमच्यामुळेच तर माझी उधारी वसूल होते.
एकशे अकरा सह्या झाल्या.
त्यातल्या बारा एकाच हाताच्या.
मला अक्षर कळतं. बोललो नाही.

भाऊंकडे गेले तेव्हा मलाही नेलं,
कागद मोठ्यानं वाचायला.
भाऊंनी ऐकलं, मान हलवली, मग म्हणाले,
"तुमी कितला शेतस?"
एकशे अकरा.
"बिड्या वळणाऱ्या बाया कितल्या शेतस, माहीत शे का?
तंबाखूवाले कितले? त्यांन्या घरमा मतं कितली?
आनि तुमनं काय शे? धूर बी नै.
वाफ."
स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी चहा मागवला.
चहा चांगला होता.

परतलो तर टेबलाशी एक बाई उभी.
शैला बागूल, पोराच्या कंपासपेटीतून सापडलेली वस्तू
रुमालात गुंडाळून आणलेली.
रुमालाला आंब्याचा वास, चैत्र लागायला महिना असताना.
"बंदी शे म्हनतस ना? मंग हे आलं कोठून?"
मी कागद चढवला. विषय:
"बंदीची काटेकोर अंमलबजावणी होणेबाबत."
तोच मायना, तेच "महोदय", तेच चाळीस.
योगिता शेजारीच होती.
तिनं स्टुलावरची आपली पिशवी उचलली,
बाईला बसायला जागा केली.
बऱ्याच वेळानं विचारलं, "कितवीत आहे?"
"आठवीत."
पुढे दोघी गप्प. टाइपरायटरच काय तो बोलत होता.

दोन्ही कागद आवक खिडकीत एकाच दुपारी गेले.
जांभळा शिक्का तोच, नंबर लागोपाठचे.
तिसऱ्या प्रती माझ्या पत्र्याच्या पेटीत,
एकावर एक. कोण वर, ते मी बघत नाही.

ड्युटी नसली की गार्ड येतो, विचारतो, उत्तर?
पुनर्विचार चालू असेल, मी म्हणतो.
मग तो बसतो. नळी काढत नाही,
आजूबाजूला खाकी फार.
माझ्या बंडलातली एक बिडी मागतो.
वारा असतो, त्याच्या काड्या विझतात.
दोन्ही हातांचा आडोसा करून
मीच पेटवून देतो.