वझराचा फाटा

मिंगेल म्हणतो, रविवार नको.
रविवारी पणजीची पोरं गाड्या घेऊन येतात,
गाणी लावतात, आणि वझराला
स्वतःचं काही बोलताच येत नाही.
मग बुधवार ठरला. चवथ होऊन गेली,
पाणी अजून भरात, पण वाट उघडलेली.
चौकीवर मी काल फोन केला.
रानखात्याचा मुलगा म्हणाला, वय किती?
म्हटलं, दोघांचं मिळून एकशे एकतीस.
हसला. चारच्या आत परत या, म्हणाला.

विजेच्या बिलामागे यादी लिहिली आहे.
मीठ, जळवांसाठी. तंबाखूही चालते,
पण मिंगेलनं ती सोडलीय,
परत त्याच्या खिशात जायला नको.
काठ्या दोन. पदेराकडचे पाव सहा,
सोबत आमच्या घरची अळसांद्याची भाजी.
कढी नको, बाटली गळते.
छत्री एक की दोन,
यावर अर्धा तास गेला आणि निकाल नाही.

सव्वीस वर्षं मी या रस्त्यावर तिकिटं फाडली,
आणि दर फेरीला, वळणाच्या जरा आधी,
ओरडलो: वझराचा फाटा, फाटा, चला उतरा!
उतरले किती. बोटांत बोटं अडकवलेली जोडपी,
पाटीत केळी घेतलेली म्हातारी, रोज,
एकदा एक शाळामास्तर,
रिकाम्या हातांनी, धो धो पावसात.
परतीच्या गाडीला तो आला नाही.
त्यानंतरच्या गाडीला आला,
निथळत, आणि स्वतःशीच हसत.
मी काही विचारलं नाही.
त्यानं नाणी दिली, तीही ओली होती.

मिंगेल पुढे, इंजिनाशेजारी.
त्याचा डावा कान इंजिनानं खाल्ला.
फाट्यावर आम्ही थांबायचो वीस सेकंद.
पेन्शनीत बसल्या बसल्या हिशेब केला मी,
खोड जात नाही:
सगळे मिळून दहा दिवस होतात, रात्री धरून.
दहा दिवस आम्ही त्या रानाच्या तोंडाशी उभे होतो
आणि घंटी मारून निघून गेलो.

दीड किलोमीटर आहे म्हणतात.
केळीवाल्या म्हातारीच्या सुनेला विचारलं.
आधी काजूचं भाट, ती म्हणाली,
मग व्हाळ, घोट्याएवढा, घाबरू नका.
सातेरीच्या वारुळापाशी चपला काढा,
लगेच परत घाला, पुढे दगड निसरडे.
तीन माट्टीची झाडं जवळ जवळ दिसली
की थांबा आणि ऐका.
कुठल्या बाजूनं ऐकू येतो? मिंगेलनं विचारलं.
उजवीकडून.
मग बरं, तो म्हणाला, आणि जरा वेळानं:
परतताना काय?
परतताना उलटा चाल, मी म्हटलं.

माझा गुडघा कुठे अडेल सांगता येत नाही.
काठी दगडावर एकदा वाजली, तर थांब.
दोनदा वाजली, तर चल.
एवढं मात्र आम्हाला ठरवावं लागलं नाही.

पाच वीसच्या गाडीवर आता सुलक्षा असते,
मशीनमधून तिकीट काढते.
तिला सांगून ठेवलंय, पास दाखवणार नाही,
पैसे घ्यायचे, पुरते.
आणि फाट्यावर ओरडशील ना?
आता कोणी ओरडत नाही काका, ती म्हणाली,
लोकांना मोबाइलवर कळतं.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, बरं, बुधवारी ओरडेन.

मिंगेल बिल उलटंपालटं करतो,
वरची रक्कम वाचतो, मान हलवतो,
मागची यादी वाचतो.
छत्र्या दोनच घेऊ, म्हणतो.
आणि पाच वीसची चुकली तर?

त्यानंतरची आहे, मी म्हणतो.